हायस्कूलच्या मुलांना इंग्रजी शिकवताना

संध्याकाळी कचेरी सुटली की घरी चहा घेऊन आम्ही सात वाजता वस्तीतल्या समाजमंदिरात जातो. आठवी ते दहावीची वीस-बावीस मुले-मुली सतरंजीवर बसलेली असतात. सगळी मराठी माध्यमाची. कुणाचे वडील नाक्यावरचे मजूर, कुणाचे पालिकेत सफाई कामगार, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करणारी. आम्ही शिक्षणाने बी. कॉम. आणि पोटापाण्यासाठी कारकून. शिक्षकाची पदवी आमच्याकडे नाही. तरीही नोकरी सांभाळून काही वर्षे हा वर्ग चालविताना जे दिसले आणि आमचे जे चुकले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावेसे वाटते.

अडते कुठे?

लोक म्हणतात, आपली पोरे अभ्यासच करीत नाहीत. हे अर्धसत्य आहे. मराठी आणि इंग्रजीची बांधणीच वेगळी. मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ. म्हणून ‘मी आंबा खातो’चे मुले ‘आय मँगो ईट’ करतात. ‘घरात’, ‘घरावर’ म्हणताना आपण प्रत्यय मागे लावतो. इंग्रजीत ‘इन’, ‘ऑन’ पुढे येतात. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांच्यासारखे मराठीत काही नाहीच, मग ते कुठे लावायचे हे मुलाला कळणार कसे? प्रश्न विचारायचा तर आपण शेवटी ‘का’ जोडतो आणि काम भागते. इंग्रजीत ‘डू’, ‘डज’, ‘डिड’ यांना पुढे उभे करावे लागते, आणि ‘डिड’ आले की क्रियापद पुन्हा मूळ रूपात न्यावे लागते. ‘डिड यू वेन्ट’ ही चूक आमच्या वर्गात रोज होते.

त्यात स्पेलिंगचा घोळ. पी-यू-टी ‘पुट’, तर बी-यू-टी ‘बट’ कसे, हा मुलांचा प्रश्न बिनतोड आहे. मराठी वाचण्याची सवय असलेल्या मुलाला वाटते की लिहिलेले प्रत्येक अक्षर उच्चारायचेच असते.

मार्कांचे गणित

दहावीला तिसरी भाषा म्हणून इंग्रजीचे ८० गुण लेखी आणि २० तोंडी. पास व्हायला ३५ लागतात. तेवढ्यासाठी मुले गाईडमधले निबंध घोकतात. छंदावरचा निबंध घडाघडा म्हणणाऱ्या मुलीला आम्ही विचारले, ‘व्हॉट डिड यू ईट टुडे?’ तिने मान खाली घातली. भाकरी खाल्ली होती, शब्द नव्हते.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते. सन २००० पासून ते पहिलीपासून सुरू झाले. वर्षे वाढली, पण भीती गेली नाही. शिवाय मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा आजची हायस्कूलची मुले प्राथमिक शाळेत होती. घरात एकच मोबाईल आणि तोही वडिलांबरोबर कामावर. त्या काळात राहिलेले वाचन आज आठवीत आडवे येते.

आमची चूक

दोन वर्षांपूर्वी नववीचा एक मुलगा उभा राहून धडा वाचत होता. ‘नाइफ’ हा शब्द त्याने ‘क्नाइफ’ असा वाचला. वर्ग हसला. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून तो यायचा बंद झाला.

आठ दिवसांनी आम्ही त्याच्या घरी गेलो. आई नुकतीच कामावरून आली होती. ‘जयभीम भाऊ’ म्हणून तिने पाणी दिले आणि म्हणाली, “तो म्हणतोय इंग्रजी आपल्या नशिबात नाय. मी काय सांगू? मला तर मराठीबी नीट वाचता येत नाय.”

आम्हाला आमची अकरावी आठवली. मराठी माध्यमातून कॉमर्सला गेलो, तर डेबिट-क्रेडिटपासून सगळे इंग्रजीत. पहिले सहा महिने आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. एकदाही हात वर केला नाही, कारण लोक हसतील ही भीती होती. तेच दुःख आम्ही या पोराला दिले होते. त्याच्या आईसमोर आम्ही त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही, पण सोमवारी आला.

मग काय बदलले?

तेव्हापासून वर्गात एक नियम आहे: चुकणाऱ्याला हसायचे नाही. आम्हीही अडलो की मुलांसमोरच शब्दकोश उघडतो. रोज प्रत्येकाने आपल्या दिवसाबद्दल पाच वाक्ये सांगायची. एका दिवशी एकाच प्रकारची चूक सुधारायची, सगळी वही लाल करायची नाही. नियम समजावताना मराठी मोकळेपणाने वापरायची. धड्यांबरोबर वीजबिल, बँकेची स्लिप, औषधाचे खोके हेही वाचायचे.

सगळे सुधारले असे नाही. दोन मुली वर्ग सोडून गेल्या. एकीला घरची भांडी, दुसरीला धाकटी भावंडे. हा मुलगा मात्र दहावीला इंग्रजीत ४६ गुणांनी पास झाला.

पण आम्हाला सांगायचे आहे ते वेगळेच. गेल्या पावसाळ्यात त्याच्या आईला कंत्राटदाराने एक इंग्रजी कागद दिला आणि ‘पगारासाठी सही कर’ म्हणून सांगितले. तिने तो घरी आणला. मुलाने वाचला. त्यात ‘रिझाइन’ हा शब्द होता. त्यातला ‘जी’ ‘नाइफ’च्या ‘के’सारखाच मुका, हे त्याला माहीत होते. तो राजीनामा होता. आईने सही केली नाही. ती आजही त्याच कामावर आहे.

पालकांनो,

इंग्रजी यावे म्हणून पोटाला चिमटा काढून मुलाला कुठल्याही इंग्रजी शाळेत घालण्याची घाई करू नका. मराठी पक्की असली तर इंग्रजीला पाया मिळतो. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ मराठीत काढला आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्यांनी दोन्ही भाषा कामाला लावल्या.

तुम्हाला इंग्रजी येत नसेल तरी रोज पंधरा मिनिटे मुलाजवळ बसा. ‘आज इंग्रजीत काय शिकलास ते मला मराठीत सांग’ एवढेच विचारा. मुलींच्या हातचे काम तेवढा वेळ घरातल्या दुसऱ्याने करावे. आणि ज्यांना चार इंग्रजी वाक्ये येतात, अशा आपल्या नोकरदार बांधवांनी आठवड्यातली एक संध्याकाळ आपल्या वस्तीला द्यावी. सतरंजी आणि फळा असला की वर्ग सुरू होतो.