लोणी की मार्गरीन? : दैनंदिन घरगुती आहारातील निवडीचा विचार

प्रस्तावना

आहारविषयक ज्या प्रश्नांवर सुशिक्षित माणसाचाही गोंधळ उडतो, त्यांमध्ये लोणी आणि मार्गरीन यांच्यातील निवडीचा प्रश्न अग्रभागी ठेवावा लागेल. एका पिढीला लोणी-तूप वर्ज्य करण्याचा सल्ला मिळाला. पुढच्या पिढीला मार्गरीन घातक असल्याचे सांगण्यात आले. आणि आज 'साजूक तूप हेच औषध' असे सांगणाऱ्यांचीही वाण नाही. प्रस्तुत लेखात या दोन पदार्थांची घडण, त्यांच्याविषयीच्या मतांतरामागील कारणे आणि आपल्याकडील घरगुती स्वयंपाकाच्या संदर्भात त्यांचे स्थान यांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

हा विषय प्रस्तुत लेखकासाठी केवळ अभ्यासाचा नाही. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी वडिलांना हृदयविकाराचा झटका आल्यानंतर घरातील विरजणाचे भांडे आणि रवी माळ्यावर गेली. त्यांच्या जागी मार्गरीनचा प्लॅस्टिकचा डबा आला. वैद्यकीय सल्ला त्या काळच्या ज्ञानाला धरूनच होता आणि घरातील सर्वांनी तो निष्ठेने पाळला. परंतु अशा डब्यात त्या काळी नेमके काय असे, हे पुढे कळले तेव्हा त्या निष्ठेविषयी वाईट वाटल्यावाचून राहिले नाही.

मार्गरीनचा जन्म

मार्गरीन हा आधुनिक प्रयोगशाळेतून अलीकडे निघालेला पदार्थ आहे, असा समज आढळतो. वास्तविक तो दीडशे वर्षांहून जुना आहे. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने आरमारासाठी व गरीब वर्गासाठी स्वस्त आणि टिकाऊ असा लोण्याचा पर्याय शोधणाऱ्यास पारितोषिक जाहीर केले. १८६९ मध्ये इपोलित मेज-मूरिएस या रसायनज्ञाने गाईची चरबी आणि साय काढलेले दूध यांपासून तो सिद्ध केला. पदार्थाच्या नावाच्या मुळाशी मोती या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. आरंभीचे मार्गरीन हे अशा रीतीने प्राणिज होते. त्याला 'वनस्पतीजन्य' ही ओळख पुढे मिळाली.

ही ओळख देणारी प्रक्रिया म्हणजे हायड्रोजनीकरण. निकेलसारख्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने असंपृक्त संयुगांत हायड्रोजन समाविष्ट करण्याची पद्धत पॉल साबातिए याने विकसित केली (त्यासाठी त्याला १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले). जर्मन रसायनज्ञ विल्हेल्म नॉर्मान याने १९०२ मध्ये तिचा उपयोग द्रव तेल घट्ट करण्यासाठी करून एकस्व मिळविले. यामुळे कोणतेही स्वस्त तेल लोण्यासारखे घट्ट करता येऊ लागले. भारतात याच तंत्राने तयार झालेले वनस्पती तूप १९३० च्या दशकात 'डालडा' या नावाने घरोघरी पोहोचले. महात्मा गांधींनी त्याला कडाडून विरोध केला होता. तुपातील भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल मिसळण्याची सक्ती कायद्याने केली गेली. तिळाच्या तेलामुळे बोदुआँ परीक्षणात गुलाबी-लाल रंग येतो आणि तुपातील वनस्पतीचा अंश उघडा पडतो. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी हे परीक्षण विद्यार्थ्यांकडून कित्येकदा करून घेतले असेल.

रंगाचा वाद अमेरिकेतही गाजला. तेथील दुग्धव्यावसायिकांच्या दबावाने पिवळ्या मार्गरीनवर कर बसविण्यात आला, तर काही राज्यांनी ते गुलाबी रंगवूनच विकावे असा कायदा केला. तो कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये रद्द केला. गंमत अशी की, बाजारातील पिवळ्या बटरचा रंगही बहुधा शेंद्रीच्या बियांपासून काढलेला असतो. म्हशीच्या दुधाचे लोणी मुळात पांढरेच असते. कारण त्यात कॅरोटीन जवळजवळ नसते.

एक विसरलेला धडा

लोण्याच्या बाजूने जे युक्तिवाद केले जातात त्यांमध्ये डेन्मार्कचा अनुभव क्वचितच सांगितला जातो. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथील लोणी मोठ्या प्रमाणावर निर्यात होत असे आणि गरीब घरांतील मुलांच्या वाट्याला साय काढलेले दूध व मार्गरीन येत असे. या मुलांमध्ये डोळे कोरडे पडून दृष्टी जाण्याचा विकार मोठ्या प्रमाणावर दिसू लागला. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लोख यांनी त्याचा संबंध आहारातील दुग्धमेदाच्या अभावाशी जोडला. डिसेंबर १९१७ मध्ये लोण्याचे नियंत्रित वाटप सुरू झाले आणि परवडणाऱ्या भावात ते सर्वांना मिळू लागले, तेव्हा १९१८ मध्ये हा विकार जवळजवळ नाहीसा झाला. लोण्यात 'अ' जीवनसत्त्व होते. त्या काळच्या मार्गरीनमध्ये ते नव्हते. पुढे अनेक देशांनी मार्गरीनमध्ये हे जीवनसत्त्व मिसळण्यास आरंभ केला आणि भारतीय मानकांनीही तसे बंधन घातले. त्यामुळे आज हा भेद उरलेला नाही. परंतु दोन पदार्थ चवीला आणि दिसायला सारखे असले म्हणजे पोषणातही सारखे असतात असे नाही, ही गोष्ट त्या मुलांच्या डोळ्यांनी जगाला शिकविली.

ट्रान्स मेदाम्लांचा प्रश्न

हायड्रोजनीकरण पूर्ण केले तर तेलाचे मेणासारखे कठीण संपृक्त मेदात रूपांतर होते. पोळीवर किंवा पावावर पसरण्याजोगा मऊपणा हवा असल्यास प्रक्रिया अर्धवट थांबवावी लागते, आणि येथेच अडचण उद्भवते. असंपृक्त मेदाम्लाच्या दुहेरी बंधापाशी रेणूची साखळी नैसर्गिक अवस्थेत वाकलेली असते; या रचनेला 'सिस' म्हणतात. अर्धवट हायड्रोजनीकरणात काही बंध उलटे फिरून 'ट्रान्स' होतात आणि साखळी सरळ होते. सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात. ओलेइक आम्ल सुमारे १३ अंश सेल्सियसला वितळते. त्याचेच ट्रान्स रूप असलेले इलेइडिक आम्ल सुमारे ४५ अंशांना वितळते. अणूंची संख्या तीच, बंधांची संख्याही तीच. केवळ मांडणी बदलली. उत्पादकाला हवा असलेला घट्टपणा या मांडणीतून मिळत होता आणि शरीराला होणारी हानीही तिच्यातूनच होत होती.

१९९० मध्ये मेन्सिंक आणि कातान या डच संशोधकांनी दाखवून दिले की, ट्रान्स मेदाम्ले रक्तातील घातक एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवितात आणि हितकारक एचडीएल कोलेस्टेरॉल घटवितात. संपृक्त मेदही एलडीएल वाढवितो, पण एचडीएल घटवीत नाही. १९९३ मध्ये वॉल्टर विलेट व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासातून ट्रान्स मेद आणि हृदयविकार यांचा संबंध पुढे आणला. म्हणजे 'हृदयासाठी' म्हणून घेतलेला पर्याय हा मूळ पदार्थाहून अधिक घातक ठरण्याची शक्यता होती. वर उल्लेखिलेल्या डब्याचा काळ नेमका हाच.

यानंतर कायदे आले, पण सावकाश. डेन्मार्कने २००३ मध्ये २ टक्क्यांची मर्यादा घातली. अमेरिकेने २००६ पासून वेष्टनावर ट्रान्स मेदाचा उल्लेख सक्तीचा केला; मात्र एका वाढणीत अर्ध्या ग्रॅमहून कमी असल्यास 'शून्य' लिहिण्याची मुभा ठेवली. भारतात ही मर्यादा प्रथम १० टक्के, मग ५ टक्के, १ जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. ही मर्यादा केवळ डब्यातील तेला-तुपापुरती नसून ते वापरून केलेल्या खाद्यपदार्थांनाही लागू आहे.

दुग्धमेदातही २ ते ५ टक्के ट्रान्स मेदाम्ले असतात, कारण रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जिवाणू ती तयार करतात. परंतु सर्वसाधारण आहारातून मिळणारे त्यांचे प्रमाण इतके अल्प असते की, त्यांची कारखानी ट्रान्स मेदाशी बरोबरी करणे योग्य होणार नाही.

आजचे मार्गरीन आणि आजचे लोणी

आज नियमांनुसार तयार झालेल्या मार्गरीनवर ट्रान्स मेदाचा जुना आरोप तसाच ठेवणे अन्यायाचे होईल. आता घट्टपणासाठी बहुधा पाम तेलाचे घट्ट अंश वापरले जातात किंवा मेदाम्लांची अदलाबदल घडवून आणणारी प्रक्रिया केली जाते. मात्र पाम तेलातील निम्मा मेद संपृक्त असतो. त्यामुळे पाम तेलावर आधारलेले कठीण मार्गरीन लोण्याहून फार हितकारक आहे, असे समजण्यास आधार नाही. सूर्यफूल, सोयाबीन किंवा मोहरीवर्गीय तेलापासून केलेले, डब्यातून चमच्याने काढता येणारे मऊ मार्गरीन हे त्याहून वेगळे. साधा नियम असा की, फ्रिजबाहेर काढताच जितके मऊ, तितका संपृक्त मेद कमी.

लोण्यात सुमारे ८० टक्के मेद आणि १६ टक्क्यांपर्यंत पाणी असते. १०० ग्रॅम लोण्यातून सुमारे ५० ग्रॅम संपृक्त मेद आणि २०० मिलिग्रॅमच्या वर कोलेस्टेरॉल मिळते. मार्गरीनमध्ये कोलेस्टेरॉल जवळजवळ नसते. मात्र आहारातील कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त मेदाचा परिणाम रक्तावर अधिक होतो, असे आता मानले जाते. उष्मांकांच्या बाबतीत ८० टक्के मेदाचे मार्गरीन आणि लोणी यांत फरक नाही. 'मार्गरीन हलके' हा समज त्यामुळे निराधार आहे. कमी मेदाचे स्प्रेड हलके असतात ते त्यातील पाण्यामुळे, आणि म्हणूनच ते तव्यावर तडतडतात व केक बिघडवितात.

संशोधनाचा कौल एकमुखी आहे असे मात्र म्हणता येणार नाही. १९६८ ते १९७३ या काळातील मिनेसोटा येथील प्रयोगात मक्याचे तेल व त्याचे मार्गरीन दिल्यावर रुग्णांचे कोलेस्टेरॉल उतरले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. २०१६ मध्ये त्या जुन्या नोंदींचे पुनर्विश्लेषण प्रसिद्ध झाल्यावर लोण्याच्या पुरस्कर्त्यांना जोर चढला. त्या मार्गरीनमध्ये ट्रान्स मेद असण्याची शक्यता ते सोयीस्करपणे विसरले. दुसरीकडे, २०२५ मध्ये अमेरिकेतील सुमारे २ लाख २१ हजार व्यक्तींच्या तेहतीस वर्षांपर्यंतच्या नोंदींवरून असे दिसले की, अधिक लोणी खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण १५ टक्क्यांनी अधिक, तर अधिक वनस्पती तेले घेणाऱ्यांमध्ये १६ टक्क्यांनी कमी होते. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. कार्यकारणभाव त्यातून सिद्ध होत नाही. तथापि, त्यातील तुलना लोणी आणि मार्गरीन यांची नसून लोणी आणि तेल यांची आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. लोणी सोडून त्याऐवजी मैदा आणि साखर वाढविल्यास लाभ होत नाही, हेही अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे.

आपल्या घरातील हिशेब

पाश्चात्त्य घरात लोणी की मार्गरीन हा प्रश्न पावावर काय लावावे एवढ्यापुरता असतो. आपल्याकडे लोणी सायीतून येते, विरजण लागते, ताक होते, लोणी कढवून तूप होते आणि तळाची बेरीसुद्धा मुले साखर घालून संपवितात. या साखळीत मार्गरीनला स्वाभाविक जागाच नाही. ते आपल्या पोटात जाते ते खारी, पफ, बिस्किटे, केक आणि गाड्यावरची पावभाजी यांच्या मार्गाने. घरात लोणी वापरावे की मार्गरीन यावर खल करणारे कुटुंब संध्याकाळच्या चहाबरोबर खारी किती खाते, याची मोजदाद करीत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार संपृक्त मेदातून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून अधिक नसावी. दोन हजार उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा सुमारे २२ ग्रॅम होते. थालीपिठावरील लोण्याचा लहान चमचाभर गोळा, म्हणजे ५ ग्रॅम, घेतला तर त्यातून अडीच ग्रॅम संपृक्त मेद येतो. वरणभातावरच्या दोन लहान चमचे तुपातून सहा ग्रॅमच्या आसपास. कारण तुपात पाणी नसल्याने चमच्यागणिक मेद लोण्याहून अधिक असतो. ६ टक्के मेदाचे म्हशीचे एक पेला दूध सात-आठ ग्रॅम देते. म्हणजे ज्या घरात साय काढून घेतलेले दूध प्यायले जाते आणि त्या सायीचेच तूप जेवणात येते, तेथे लोणी-तूप हा वरचा भार नसून त्याच दुधाचा काढून ठेवलेला हिस्सा असतो. सायीसकट दूध, वर विकतचे बटर आणि त्यावर चीज, असा क्रम असलेल्या घराचा हिशेब निराळा.

या मर्यादेत राहणाऱ्या निरोगी माणसाने भाकरीवरचे घरचे लोणी सोडून मार्गरीनकडे वळण्याचे कारण प्रस्तुत लेखकास दिसत नाही. दोन वर्षांखालील मुलांच्या आहारातील दुग्धमेद तर मुद्दाम कमी करूच नये. ज्यांचे एलडीएल वाढलेले आहे किंवा ज्यांना हृदयविकार आहे, त्यांनी लोणी-तूप मोजून घ्यावे. पण त्यांच्यासाठीही खरा पर्याय मार्गरीनच्या डब्यात नसून तेलाच्या बरणीत आहे. सोलापूर-मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीत परंपरेने पिकणाऱ्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण सुमारे ७५ टक्के असते. जवसाच्या चटणीतून ओमेगा-३ वर्गातील मेदाम्ल मिळते. भाकरीवर तेल-चटणी ही गरिबाची न्याहारी म्हणून आपण तिच्याकडे पाहत आलो, हा आपला दृष्टिदोष. दुधाची ॲलर्जी असलेल्यांना किंवा प्राणिज पदार्थ न खाणाऱ्यांना मार्गरीन उपयोगी पडते. त्यांनी मात्र घटकांच्या यादीत दुधाचे घनपदार्थ नाहीत ना, हे पाहून घ्यावे.

तळणासाठी लोणी अयोग्यच. त्यातील दुधाचे घनांश १५० अंशांच्या पुढे जळू लागतात. तूप त्याहून बरेच अधिक तापमान सहन करते. विकतचा डबा घ्यायचाच असेल तर त्यावर 'अंशतः हायड्रोजनीकृत' हे शब्द आहेत का, आणि १०० ग्रॅममागे संपृक्त व ट्रान्स मेद किती, या तीन गोष्टी पाहाव्यात. आमच्या घरी आता माळ्यावरची रवी खाली आली आहे. लोणी आठवड्यातून एकदा निघते. वडील पंचाहत्तरी ओलांडेपर्यंत जगले. अखेरपर्यंत भाकरीवर ते करडईचे तेलच घेत, आणि थालीपिठाच्या दिवशी मात्र लोण्याचा एक चमचा स्वतः मोजून वाढून घेत.