हिवाळ्यातील वाट

नाताळच्या सुटीत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्वेकडे मोटारीने जाऊ इच्छिणाऱ्याने नकाशावरील अंतरावर फारशी भिस्त ठेवू नये. सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कच्या वेशीपर्यंत जाणारा ८० क्रमांकाचा महामार्ग सर्वांत सरळ दिसतो. परंतु आरंभीच त्याला सिएरा नेवाडा पर्वतातील डॉनर खिंड ओलांडावी लागते. १८४६ च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियाकडे निघालेला स्थलांतरितांचा एक तांडा याच परिसरात बर्फात अडकला आणि त्यातील जवळजवळ निम्मी माणसे दगावली. आज तेथे रुंद रस्ता आहे. तरीही मोठे वादळ झाले की तो बंद होतो, आणि पुष्कळदा चाकांना साखळ्या बांधल्यावाचून गाड्या पुढे सोडत नाहीत. पुढे वायोमिंगमध्ये हाच मार्ग २,६०० मीटरांवर चढतो. तेथील वारा जमिनीवरचा बर्फ असा उडवितो की समोरचे काही दिसत नाही.

म्हणून लांबचा असला तरी दक्षिणेचा १० क्रमांकाचा मार्ग अधिक भरवशाचा. मधला ४० क्रमांकाचा मार्ग वाळवंटातून जातो खरा. पण त्यावरील फ्लॅगस्टाफ हे गाव २,१०० मीटर उंचीवर आहे व तेथे भरपूर बर्फ पडतो.

पूर्वेकडे जाताना घड्याळ तीनदा एकेक तास पुढे करावे लागते, आणि डिसेंबरचा दिवस मुळातच तोकडा. रोजचा टप्पा उजेडाच्या हिशेबानेच आखावा. पांघरुणे, पाणी व फावडे जवळ असावे. गाडी बर्फात रुतलीच, तर धूर सोडणारी नळी मोकळी केल्यावाचून उबेसाठी इंजिन चालू करू नये; आत कोंडणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.