मानधन ते पगार: मधल्या वर्षाचा करहिशेब

कंत्राटी काम सुटून कायम नोकरी लागते, ते वर्ष आयकराच्या लेखी एकच असते. पॅन एक, विवरणपत्रही एकच. मिळकत मात्र दोन ठिकाणांहून आणि बरेचदा दोन वेगळ्या शीर्षांखाली आलेली असते. जुने कार्यालय आपण दिलेल्या रकमेपुरता कर कापते, नवे कार्यालय आपल्या पगारापुरता. दोन्हींची बेरीज कोणतेही कार्यालय आपणहून करत नाही. ती कर्मचाऱ्यालाच करावी लागते, आणि या बदलातल्या बहुतेक अडचणी ती राहून गेल्याने उद्भवतात.

वऱ्हाडात हा प्रसंग घरोघरचा आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या ‘सीएचबी’वर, शिकवणारे प्राध्यापक आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षण सेवक तीन वर्षे मानधनावर राहून मग वेतनश्रेणीत येतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांचे समायोजन करण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ रोजी निघाला. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभर संप झाला. पारसचे वीज केंद्र, अकोल्याचे कृषी विद्यापीठ, अकोला आणि अमरावतीची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये इथेही कंत्राटी आणि कायम अशा दोन्ही प्रकारची माणसे एकाच छताखाली काम करतात.

या सर्वांना लोक ‘कंत्राटी’च म्हणतात, पण कराच्या हिशेबात त्यांच्या तीन तऱ्हा होतात. पहिली, कार्यालयाने थेट करार करून ठेवलेला आणि मानधन पगार म्हणून मिळणारा कर्मचारी. त्याचा कर कलम १९२ खाली कापला जातो आणि वर्षाअखेरीस फॉर्म १६ मिळतो. शिक्षण सेवक या गटात बसतो. १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये अशा मानधनावर कर लागायचा प्रश्नच नसल्याने त्याचा बदल सर्वांत सोपा. दुसरी तऱ्हा एजन्सीमार्फत आलेल्यांची. काम वीज केंद्रात, पण मालक कंत्राटदार. पगारपत्रक, फॉर्म १६ आणि भविष्य निर्वाह निधी तिन्ही कंत्राटदाराच्या नावाने. तिसरी तऱ्हा फी म्हणून पैसे मिळणाऱ्यांची. त्यांच्या रकमेतून कलम १९४-जे खाली दहा टक्के कापले जातात आणि फॉर्म १६-ए मिळतो. २०२५-२६ पासून वर्षाची रक्कम ५० हजारांवर गेली तरच ही कपात लागते. त्याआधी ही मर्यादा ३० हजार होती. पॅन दिला नसेल तर कपात वीस टक्के होते.

कोणत्या कलमाखाली कपात झाली यावरून मिळकतीचे खरे रूप ठरतेच असे नाही. ठरावीक वेळ, हजेरी, रजेचा नियम, वरिष्ठांचे नियंत्रण हे सगळे असेल तर ते नाते नोकरीचे असते, मग पैशाला मानधन म्हणा की आणखी काही. हा भेद पैशाच्या दृष्टीने मोठा आहे. मिळकत पगार ठरली तर नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते; फी ठरली तर त्याऐवजी कामासाठी केलेला प्रत्यक्ष खर्च वजा करता येतो. कलम ४४-एडीए खाली जमेच्या निम्मी रक्कम नफा धरून हिशेबाच्या वह्यांतून सुटका मिळते, पण ही सवलत डॉक्टर, वकील, अभियंते, वास्तुविशारद, लेखापाल, तांत्रिक सल्लागार अशा ठरावीक व्यवसायांनाच आहे. अध्यापन त्या यादीत नाही. त्यामुळे सीएचबीच्या मिळकतीतून सरसकट निम्मी रक्कम खर्च म्हणून वगळणे नियमात बसत नाही, आणि नोटीस आली तर त्याचे उत्तर देणे अवघड जाते. १९४-जे खाली कापलेली रक्कम पगार म्हणून दाखवायची असेल तर नियुक्तिपत्र आणि कामाच्या अटींचा कागद जपून ठेवणे आवश्यक आहे.

कागद गोळा करायची वेळ जुने काम सोडतानाची. एकदा माणूस आस्थापनेच्या यादीतून गेला की त्याच्या पत्राला उत्तर मिळायला महिने लागतात. नियुक्तीचे आणि मुदतवाढीचे सर्व आदेश, कार्यमुक्तीचा आदेश, महिनावार देयकांच्या प्रती आणि कार्यालयाचा टॅन (करकपात खाते) क्रमांक निघण्यापूर्वीच घ्यावा. फॉर्म १६-ए तिमाहीने मिळतो. जुलै ते सप्टेंबरच्या कपातीचे विवरण कार्यालयाने ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचे असते आणि प्रमाणपत्र त्यानंतर पंधरा दिवसांत द्यायचे असते. कापलेला कर पॅनवर जमा झाला की नाही हे फॉर्म २६-एएस आणि वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये दिसते. तिथे रक्कम दिसत नसेल तर आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून विवरण दुरुस्त करून घ्यावे लागते. दुरुस्ती कर्मचारी स्वतः करू शकत नाही, म्हणूनच ती लवकर मागायला हवी.

नव्या कार्यालयाला सांगायच्या गोष्टी दोन. जुन्या ठिकाणी पगार मिळत होता तर त्याचा तपशील फॉर्म १२-बी मध्ये द्यावा. फी मिळत होती तर ती मिळकत आणि तिच्यावरची कपात ऑक्टोबर २०२४ पासून आलेल्या फॉर्म १२-बीएए मध्ये कळवता येते. मग नवे कार्यालय दोन्हींचा एकत्र हिशेब करून उरलेल्या महिन्यांत कर कापते. नव्या जागी रुजू होताना उत्पन्नाची माहिती देण्यात संकोच करण्याचे कारण नाही. ती न देण्याची किंमत किती, हे एका उदाहरणावरून कळेल.

एका वैद्यकीय अधिकाऱ्याला कराराच्या जागेवर एप्रिल ते नोव्हेंबर २०२५ दरमहा ९५ हजार रुपये पगार म्हणून मिळाले: एकूण ७ लाख ६० हजार. वर्षाचा अंदाज ११ लाख ४० हजार, म्हणजे कर शून्य. जुन्या कार्यालयाने काही कापले नाही. डिसेंबरपासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दरमहा १ लाख ६० हजारांवर कायम नेमणूक झाली: चार महिन्यांचे ६ लाख ४० हजार. नव्या कार्यालयापुढे एवढीच रक्कम असल्याने त्यानेही काही कापले नाही. दोन्ही कार्यालये आपापल्या जागी बरोबर आहेत. पण एकूण पगार १४ लाख. ७५ हजार वजा जाता १३ लाख २५ हजार. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतची करमाफी आता लागू होत नाही. कर ७८ हजार ७५०, चार टक्के उपकर धरून ८१ हजार ९००. कापल्यानंतर उरणारा कर १० हजार किंवा त्याहून अधिक असेल तर तो १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना अग्रिम कर म्हणून भरायचा असतो. तो न भरल्याने दरमहा एक टक्का दराने व्याजही चढते. डिसेंबरातच फॉर्म १२-बी दिला असता तर हा कर चार पगारांत विभागून गेला असता.

उलट बाजूही तितकीच खरी. एका सीएचबी प्राध्यापकाला सप्टेंबरपर्यंत २ लाख ४० हजार मिळाले आणि २४ हजार कापले गेले. ऑक्टोबरपासून कायम पदावर दरमहा ९५ हजारांप्रमाणे ५ लाख ७० हजार मिळाले. वजावटीनंतर एकूण ७ लाख ३५ हजार, म्हणजे कर शून्य. कापलेले २४ हजार पूर्ण परत मिळतात, पण विवरणपत्र भरले तरच. तुटपुंज्या मानधनातून कापलेला हा पैसा हक्काचा आहे आणि तो सोडू नये.

जुनी करप्रणाली हवी असणाऱ्यांनी एक भेद ध्यानात घ्यावा. निव्वळ पगारदाराला दरवर्षी विवरणपत्रातच प्रणाली निवडता येते. त्या वर्षात व्यवसायाचे उत्पन्न असेल तर मात्र मुदतीआधी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो.

थकबाकीचा विषय वऱ्हाडातल्या शिक्षकांना विशेष जवळचा. पद मान्यता, वेतननिश्चिती, शालार्थ किंवा सेवार्थ प्रणालीत नाव चढणे यात महिने, कधी वर्षे जातात आणि मग मागचा पगार एकरकमी जमा होतो. तो सगळा एकाच वर्षाचा धरला तर कराचा टप्पा उगाच वर चढतो. यावर कलम ८९ ची सवलत आहे: थकबाकी ज्या त्या वर्षात मिळाली असती तर किती कर झाला असता, याची तुलना करून फरक वजा मिळतो. त्यासाठी फॉर्म १०-ई विवरणपत्राच्या आधी ऑनलाइन भरलाच पाहिजे; नाहीतर मागितलेली सवलत नाकारली जाते. कोणत्या महिन्याची किती थकबाकी, याचा तक्ता लेखा शाखेकडून त्याच वेळी घ्यावा.

राज्याचा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याचा. पगारदाराचा कर कार्यालय कापते: दहा हजारांवरील पगाराला दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, मिळून वर्षाला २,५००. महिलांना २५ हजारांपर्यंतच्या मासिक पगारावर तो लागत नाही. स्वतंत्र व्यवसाय म्हणून पीटीईसी नोंदणी केलेल्याने वर्षाचे २,५०० स्वतः भरलेले असतात. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार एका व्यक्तीकडून एका राज्यात वर्षाला यापेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणून भरल्याची पावती नव्या कार्यालयाला दाखवावी. आणि व्यवसाय थांबला की ती नोंदणी रद्द करावी. चालू राहिली तर दरवर्षीची बाकी व्याजदंडासह साचत जाते. जीएसटी नोंदणी असलेले थोडेच. त्यांनी ३० दिवसांत रद्द करण्याचा अर्ज आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अंतिम विवरण द्यायचे.

एजन्सीकडे भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर यूएएन, म्हणजे निधीचा कायम खाते क्रमांक, तोच ठेवून खाते नव्या नोकरीत वर्ग करावे. एकूण सलग सेवा पाच वर्षांपेक्षा कमी असताना रक्कम काढली तर ती करपात्र होते आणि ५० हजार किंवा अधिक असल्यास दहा टक्के कपात होते. खाते वर्ग केल्यास दोन्हीकडची सेवा जोडून मोजली जाते. या भागाचे भविष्य निधी कार्यालय अकोल्यात आहे. शासकीय सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून आलेल्यांना निवृत्तिवेतनासाठी अंशदान योजना लागू झाली. तीत शासनाचा १४ टक्के वाटा नव्या करप्रणालीतही वजा होतो, कर्मचाऱ्याचा स्वतःचा वाटा होत नाही.

शेवटी विवरणपत्र. सगळी मिळकत पगाराची आणि ५० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे आयटीआर-१, ४४-एडीए घेतले तर आयटीआर-४, प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब दाखवला तर आयटीआर-३. भरण्यापूर्वी एआयएसमधला प्रत्येक आकडा जुळवून पाहावा. मार्चपर्यंतचे मानधन जूनमध्ये हाती आले तर जमेचे वर्ष आणि कपातीचे वर्ष वेगळे पडू शकते. तसे झाल्यास कपातीचा लाभ मिळकत ज्या वर्षात दाखवली त्याच वर्षी मागायचा. इथे दिलेले कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि ‘आकारणी वर्षा’ऐवजी ‘कर वर्ष’ आले आहे. त्यामुळे मार्चअखेर दोन्ही बाजूंना पाय असलेल्यांचे काही कागद जुन्या क्रमांकांचे, काही नव्या क्रमांकांचे असतील. ते वर्षवार वेगळ्या फायलीत लावावेत आणि व्यवसायाच्या नोंदी किमान सहा वर्षे ठेवाव्यात.