तार चांगली, जोड कच्चा



उसाची गाडी काट्यावर चढली की वजनाचा आकडा केबलमधून सर्व्हर रूमला, म्हणजे मुख्य संगणकाच्या खोलीला जातो. तिथून तो आपल्या खात्यावर पडतो आणि त्यावरच बिल निघते. ऐन हंगामात ही वाट अडली की काट्यापुढे गाड्यांची रांग लागते, ऊस वाळतो. नुकसान शेवटी आपलेच. म्हणून या केबलविषयी थोडे सांगतो.

शेतातली पाइपलाइन गळते ती बहुधा जोडावर. इथेही तसेच आहे. कॅट-६ केबलमध्ये तांब्याच्या आठ तारा, दोन-दोन पिळलेल्या, अशा चार जोड्या असतात. हा पीळ उगाच नसतो. शेजारच्या तारांचा आणि मोटारींचा विजेचा त्रास तो थोपवतो. म्हणून टोकाला जोड देताना पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये. घाईत दोन-तीन इंच उलगडला तरी दिवा लागतो, काम चालू दिसते. पण माहिती मध्येच तुटते आणि पुन्हा पुन्हा पाठवावी लागते.

प्लगमध्ये १-२, ३-६, ४-५, ७-८ अशाच जोड्या बसल्या पाहिजेत. दोन्ही टोकांना तारा मनाने पण सारख्याच लावल्या, तर साधा टेस्टर ‘सर्व ठीक’ म्हणतो आणि दोष आत राहतो!

तांब्याची केबल एका दमात १०० मीटरपर्यंतच चालते, त्यातही भिंतीतली पक्की केबल ९० मीटर. काटा लांब असेल तर ऑप्टिकल फायबर घालावी. काचेतून वीज वाहत नाही. त्यामुळे धातूचे कवच नसलेली फायबर असली तर वळवाच्या पावसातली वीज तिच्या वाटेने खोलीत येत नाही.

तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण ती लवकर तुटते. ती घेऊच नये. पक्की केबल पॅच पॅनेलवरच संपवावी, पुढे स्विचपर्यंत लहान तयार कॉर्ड लावावी. हलवाहलव होते ती कॉर्डची. मूळ जोडाला धक्का लागत नाही. दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहावा, म्हणजे रात्रपाळीच्या माणसालाही बिघाड सापडतो.

काट्याची तपासणी हंगामापूर्वी होते, तशी या जोडांचीही व्हावी. ठेकेदाराचे बिल देण्याआधी प्रत्येक जोडाचा तपासणी अहवाल हाती हवा. सभासदांनी वार्षिक सभेत तो जरूर मागावा. तो आपला हक्क आहे.