गळाचा दोरा

नदीच्या डोहाकाठी वेळूच्या काठीला दोरा बांधून गळ टाकणारी माणसे आपण पुष्कळदा पाहतो. कोकणात या कामाला ‘गरवणे’ म्हणतात. परंतु दोरा काठीच्या टोकाला बांधलेला असला, तर गळ फार दूर जात नाही. दूरच्या पाण्यातील मासा धरावयाचा तर दोरा लांब हवा आणि तो गुंडाळून ठेवण्यास रीळही हवे.

पूर्वी घोड्याच्या शेपटीचे केस वळून किंवा रेशीम विणून असा दोरा करीत. 1935 मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली नायलॉन प्रथम तयार झाले आणि पुढे गळाच्या दोऱ्याचे रूपच पालटले. आपल्याकडे या एकपदरी दोऱ्याला ‘तंगूस’ म्हणतात.

रिळातही सुधारणा झाली. लोकरीच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहराच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी 1905 मध्ये एका नव्या रिळाचे पेटंट घेतले. गिरणीत कांडी जागच्या जागी राहते आणि सूत तिच्या टोकावरून सरसर निघून येते. तीच युक्ती या रिळात योजलेली आहे. फेकताना कांडीच फिरवावी लागत नसल्यामुळे अगदी हलके आमिषही दोऱ्याला घेऊन दूर जाते.

मात्र त्यासाठी दोरा बारीक हवा. जाड दोरा बळकट असतो खरा. पण तो ताठ असतो आणि हलक्या आमिषाला मागे ओढतो. म्हणून लहान माशांसाठी सुमारे 2 किलोग्रॅम ताण सोसणारा दोरा पुरेसा होतो. त्याहून जड मासा लागला तर काय होईल? पाण्यात माशाचे वजन फारच थोडे जाणवते. शिवाय काठी लवते आणि माशाने जोराचा हिसका दिला, की रिळाचा रोध सैल पडून दोरा थोडा सुटतो. हा रोध दोऱ्याच्या शक्तीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका ठेवतात. त्यामुळे दोरा तुटण्यापूर्वीच मासा दमतो.

दोरा रिळावर भरणे हेही कौशल्याचे काम आहे. पतंगाचा मांजा आसारीवर सैल गुंडाळला तर गुंता होतो; येथेही तसेच घडते. म्हणून दोरा ओल्या फडक्यात धरून ताणलेला ठेवावा आणि सावकाश भरावा. या रिळात भरताना दोऱ्याला पीळ बसतो. याकरिता दुकानातून आणलेली दोऱ्याची गुंडी जमिनीवर आडवी ठेवतात. पंधरा-वीस वेढे झाले, की हात थांबवून दोरा सैल सोडावा. तो वेटोळी घालू लागला, तर गुंडी उलटी करावी. कांडीच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा रिकामी ठेवावी. दोरा अधिक भरला तर तो गोळ्याने सुटतो. कमी भरला तर कडेला घासून आमिष जवळच पडते.

दोऱ्याचे सर्वांत दुबळे ठिकाण म्हणजे गाठ. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने दोरा तापतो आणि कमजोर होतो. म्हणून ती ओली करूनच आवळावी. उन्हानेही नायलॉन हळूहळू ठिसूळ होते. यासाठी दोरा वेळोवेळी बोटांनी चाचपून पाहावा आणि खरबरीत झालेला भाग कापून टाकावा.

ही दक्षता केवळ मासा हाती लागावा म्हणून नव्हे. दोरा तुटला, की मासा तोंडात गळ घेऊन निघून जातो. काठावर टाकलेल्या दोऱ्यात बगळ्यांचे व पाणकावळ्यांचे पाय आणि पंख गुरफटतात, आणि नायलॉन कित्येक वर्षे कुजत नाही. म्हणून जाणता गरवणारा निरुपयोगी दोऱ्याचा तुकडाही काठावर टाकीत नाही; तो बारीक कापून घरी नेतो. ज्या नदीने आपल्याला मासा दिला, तिच्या काठी दुसऱ्या जिवासाठी फास मांडून ठेवणे त्याला शोभत नाही.