अभिलेखाची ताबापरंपरा : संग्रहण, प्रमाणीकरण आणि जतन

बंगळूरच्या आग्नेय भागातील एचएसआर लेआउट ही गेल्या काही दशकांत वसलेली नियोजित वसाहत होय. तिचे नाव होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून पडले. तिच्या कडेला अगरा हे जुने गाव व त्याचा तलाव आहे. येथील नवव्या शतकातील गंगकालीन कन्नड शिलालेखात तलावांना मोऱ्या बसविल्याची आणि नवा तलाव बांधल्याची नोंद आढळते. तलावाविषयीचा लेख तलावाच्या गावातच मिळाल्यामुळे मजकूर व जागा एकमेकांची साक्ष देतात. सुमारे आठशे वर्षांनंतर याच नगरीत, शहाजीराजांच्या दरबाराच्या आश्रयाने, जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. तो मात्र कागदावर होता, आणि कागद गावाला बांधलेला नसतो.

१६३८मध्ये विजापूरच्या सैन्याने बंगळूर घेतल्यावर ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. १६६४मध्ये त्यांचा मृत्यू झाला; पुढे व्यंकोजीराजांनी तंजावरला आपली गादी स्थापिली आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस बंगळूर म्हैसूरच्या वडेयरांकडे गेले. दरबार उठला की दफ्तरे पांगतात. चंपूची संहिता विद्वानांसमोर आली ती वि. का. राजवाडे यांनी १९२२मध्ये ती दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केल्यावर. एका कवीने एकाच दरबारात अनेक भाषांत केलेली रचना तीत असल्याने दक्षिणेतील बहुभाषिक साहित्यव्यवहाराचा पुरावा म्हणून तुलनाकार तिच्याकडे वळतात. परंतु त्या पुराव्याचे बळ एका आधीच्या प्रश्नावर अवलंबून आहे : रचनेपासून मुद्रणापर्यंत ही संहिता कोणाच्या हाती होती आणि त्या हातांनी तिला काय केले? कन्नड वा अन्य भाषेतील पद्य ती भाषा न जाणणाऱ्या लेखकाने नकलले असेल, तर आज दिसणारे रूप कवीचे की नकलनविसाचे, हे संहितेकडे पाहून नेहमीच सांगता येत नाही.

अभिलेख निर्माण झाल्यापासून तो ज्या ज्या हातांतून व ठिकाणांतून गेला, त्या अखंड मालिकेला ताबापरंपरा म्हणता येईल. संग्रहण, प्रमाणीकरण आणि जतन ही अभिलेखपालाची तिन्ही कामे वस्तुतः या एका परंपरेची राखण आहेत.

संग्रहणाचे मार्ग चार : शासकीय हस्तांतरण, देणगी, खरेदी आणि ठेव. केंद्र शासनाच्या अभिलेखांना १९९३चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम लागू आहे. घरोघरीच्या पोथ्या, पत्रे व हस्तलिखिते यांना असा आधार नाही. १९७२च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार किमान ७५ वर्षे जुने, वाङ्मयीन वा ऐतिहासिक मूल्याचे हस्तलिखित पुरावस्तू ठरते. तथापि ते संग्रहालयात येईल की नाही, हे मालकाच्या इच्छेवरच राहते. १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड प्रसिद्ध करणाऱ्या राजवाड्यांना गावोगाव हिंडून लोकांची मने वळवावी लागली, ती यामुळेच. म्हणून दाखल नोंदवहीत केवळ ‘एक पोथी’ एवढी नोंद पुरेशी नसते. कोणाकडून, कोणत्या घरातून, कोणत्या रुमालात, कोणत्या कागदांसोबत आणि कोणत्या अटींवर ती आली, हे त्याच दिवशी लिहावे लागते. देणाऱ्याची आठवण हा देखील पुरावाच असतो, आणि तो सर्वांत आधी नाहीसा होतो.

प्रमाणीकरणात अंतर्गत व बाह्य अशा दोन कसोट्या लावल्या जातात. मोडी पत्रात शक, सुहूर सन वा राज्याभिषेक शक यांपैकी कोणती कालगणना वापरली आहे, ‘छ’ या खुणेने दिलेला चंद्र आणि वार जंत्रीशी जुळतो का, मुद्रा व मोर्तब योग्य जागी आहेत का, मायने त्या नात्याला साजेसे आहेत का, हे पाहिले जाते. राज्याभिषेक शक १६७४मध्ये सुरू झाला. त्यापूर्वीच्या म्हणविणाऱ्या पत्रात तो आढळल्यास शंका अटळ आहे. बाह्य कसोटीत कागद, शाई, जलचिन्ह आणि अक्षराचे वळण यांचा विचार होतो. वतन व इनाम यांचे हक्क कागदावर ठरत असल्याने बनावट सनदा तयार करण्यामागे भक्कम हितसंबंध होते. आणि कुशल बनावटकार जुना कागद व जुने वळण दोन्ही मिळवू शकतो. सबंध दफ्तराची बनावट करणे मात्र दुर्घट असते. ज्या सनदेची नोंद सरकारी दफ्तरात स्वतंत्रपणे सापडते, तिला दुसरा साक्षीदार लाभतो. १८७२च्या भारतीय पुरावा अधिनियमाने तीस वर्षे जुन्या दस्तऐवजास अनुकूल गृहीतक देताना तो योग्य ताब्यातून आलेला असावा, अशी अट घातली होती. २०२४च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती अट कायम आहे.

ताबापरंपरा तुटल्यावर काय होते, याचे उदाहरण राजवाड्यांच्याच कार्यात सापडते. १९०९मध्ये त्यांनी एका जुन्या पोथीच्या आधारे ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेवरून ज्ञानेश्वरकालीन मराठीचे व्याकरण मांडले. पोथीच्या प्राचीनत्वाविषयी वाद झाला. पण मूळ पोथी पुढील अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. त्यामुळे कागद, शाई, वळण या कसोट्या आता लावता येत नाहीत आणि विवाद छापील संहितेच्या भाषेभोवतीच फिरत राहतो. भाषेवरून पोथीचा काळ आणि पोथीवरून भाषेचा काळ, असे चक्र त्यात उद्भवते.

जतनाचा प्रश्न येथे प्रमाणीकरणाला येऊन मिळतो. काजळीच्या शाईला उजेडाचे भय कमी, पाण्याचे अधिक. हातकागद गिरणीच्या आम्लयुक्त कागदापेक्षा टिकाऊ असला तरी कसर व वाळवी त्याला सोडत नाहीत. म्हणून स्थिर तापमान व आर्द्रता, आम्लरहित वेष्टने आणि काढून टाकता येईल अशी दुरुस्ती हे जतनाचे सूत्र आहे. राष्ट्रीय अभिलेखागारात विकसित झालेली सेल्युलोज ॲसिटेट व ॲसिटोन यांची हस्त-लॅमिनेशन पद्धत एके काळी सर्वत्र स्वीकारली गेली. ती सहज उलटविता येत नाही हे ध्यानात आल्यावर तिचा आग्रह ओसरला. मूळ क्रम राखणे हेही जतनच होय. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध झाले. विषयवार मांडणीमुळे ते उपयुक्त ठरले. परंतु एखादे पत्र कोणत्या कागदांच्या शेजारी होते, हे जाणण्यासाठी पुण्याच्या दफ्तरातील रुमालाकडेच जावे लागते.

संगणकीय प्रतीलाही हाच न्याय लागू आहे. बंगळूरच्या मिथिक सोसायटीने २०२१पासून शहर परिसरातील शिलालेखांचे त्रिमितीय आलेखन हाती घेतले. अशा आलेखनातून झिजलेली अक्षरे पुन्हा वाचता येतात. मात्र एचएसआर लेआउटसारख्या वाढत्या वस्तीच्या परिसरात शिळा उद्या हलवावी लागली, तर अक्षरांइतकेच मोल तिच्या मूळ जागेच्या नोंदीला येईल. पोथीच्या छायाचित्रात जलचिन्ह, शिवण व कागदाचा स्पर्श उतरत नाही. म्हणून प्रत झाली तरी मूळ वस्तू राखणे भाग असते.

तुलनात्मक अभ्यासक बहुधा छापील आवृत्तीपासून आरंभ करतो. चंपूतील कन्नड पद्याची तुलना समकालीन कन्नड काव्याशी करण्यापूर्वी त्या पद्याला आपल्यापर्यंत कोणी आणले, हे विचारणे म्हणजे तुलनेबाहेरचे काम नव्हे. दोन पदे शेजारी ठेवण्याआधी ती खरोखर कोणत्या काळाची आहेत, याचा निवाडा दाखल नोंदवहीच्या एका ओळीवरही होऊ शकतो. आणि ती ओळ लिहिलीच गेली नसेल, तर ती नंतर कोणालाही भरून काढता येत नाही.