रिकाम्या बाटलीचा धडा

ॲमस्टरडॅमच्या दक्षिणेस बुइटनव्हेल्डर्ट भागात आम्ही धाकट्या बहिणीकडे उतरलो होतो. हॉलंडात पेयाची लहान प्लास्टिक बाटली किंवा कॅन दुकानातील यंत्रात परत केला की 15 सेंट अनामत मिळते. बाटल्यांना ही सोय 2021 पासून आहे, कॅनना 2023 पासून.

नऊ वर्षांच्या भाच्याने वीस कॅन गोळा करून तीन युरो मिळवले आणि त्याच दिवशी स्टिकरांवर उडवले. दुसऱ्या दिवशी मित्र आइस्क्रीम खायला निघाले, हा रडवेला! आम्ही खिशात हात घातला, तोच बहीण म्हणाली, "दादा, देऊ नकोस. आज तीन युरोंत शिकेल, मोठेपणी हाच धडा महाग पडेल."

तिथे 27 एप्रिलला, राजाच्या वाढदिवशी, मुले फुटपाथवर जुनी खेळणी मांडून विकतात, घासाघीसही करतात.

वर्गात आम्ही वर्षानुवर्षे नफा-तोट्याची गणिते घातली. पण त्यांतला तोटा कधीच विद्यार्थ्याचा स्वतःचा नव्हता. वाचकहो, मुलांना दर आठवड्याला ठरावीक खाऊचे पैसे जरूर द्यावेत. मात्र ते मध्येच संपले, तर आपला हात आवरावा. अवघड आहे ते एवढेच.